गाडीला आठ दिवसांची बोली

नेकनूरच्या बैलबाजारात धोंडीरामनं पारखलेला बैल कदी मागारी आला न्हाई. हे मी म्हनत न्हाई, बाजार म्हनतो. चाळीस वर्सं म्हनत आलाय. पन बाजाराचं काय घेऊन बसलात, त्येला कालचंबी आठवत न्हाई.

ट्रॅक्टर आले आन् माजं दार रिकामं पडलं. आदी बाजाराच्या आदल्या दिशी वट्यावर चार मानसं बसलेली असायची. "धोंडीराम, उद्या चला, जोडी बगायची हाय." मी जायचो, बैलाचे दात बगायचो, खूर बगायचो, मालकाचं तोंड बगायचो, घ्या न्हाईतर सोडा म्हनायचो, आन् चहा पिऊन घरी यायचो. पैका कदी घेतला न्हाई. पारखीचा पैका घेतला की जबान बाटती. आता तीन वर्सं झालती, कुनी हाक मारली नव्हती. आमच्या घरची सुंदरबाई म्हनायची, "आवं, रस्त्याकडं बगून बगून मान वाकडी व्हईल, आत या." मला लई लागायचं ते. आरं, मेलेल्या मानसाला इसरतात, मी तर जित्ता व्हतो!

आन् एक दिस धारूरचा रुद्रप्पा शेठ वट्यावर येऊन बसला. पेठेत त्येचं कापडाचं दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आन् तोंडावर काळजी. म्हनला, "धोंडीराम, पाटोद्याला चला. जुनी मोटार बगायची हाय."

मी हसलो. त्यो हसला न्हाई.

"आमच्या मालकीणबाईला, शिवकांताला, एसटीत बसवत न्हाई आता. कंबर धरती. तिकडं मोहनराव सभापतींनी नवी जीप घेतली, जुनी गाडी काढायलेत. मी तीन मेकॅनिक दाखवले. एक म्हनतो इंजन चांगलं, पत्रा सडका. दुसरा म्हनतो पत्रा लोखंड हाय, इंजन सडकं. तिसऱ्याला सभापतींनी आदीच जेवू घातलतं."

"मंग मला काय कळतंय त्यातलं?"

"तुमी गाडी बगूच नगा. इकनाऱ्याला बगा. बैलबाजारात तुमी तेच करीत व्हता की."

खरं सांगू? छाती अशी भरून आली की घरात जाऊन पटका शोधू लागलो तर पटका डोक्यावरच व्हता.

वाटंत शेठनं सांगितलं, गाडी पेट्रोलवर चालू व्हती, आन् मंग एक खटका दाबला की गॅसच्या टाकीवर पळती. टाकी डिकीत. सभापती म्हनतेत, हायब्रीड हाय. हायब्रीड म्हनल्यावर माजं तोंड कडू झालं. हायब्रीड ज्वारी मी दोन साल केलती. कनसं ही एवढाली, पन भाकर अशी की कुत्रंबी हुंगून म्होरं जायचं. पन म्हनलं, असू दे. दुसऱ्याच्या ताटात आपलं तोंड कशाला घाला.

पाटोद्यात वाड्याम्होरं गाडी उभी. पांढरी, पुसूनपासून लख्ख. बाजारात शिंगाला तेल लावलेला बैल दिसला की मी आदी त्येची मागची बाजू बगतो, तसा मागं गेलो. डिकीत स्वयपाकघरातली लाल टाकी आडवी निजवून साखळीनं बांधलेली. गाडीजवळ डायवर उभा. त्रिंबक त्येचं नाव. पन्नाशीचा, वाळका, खाकी कपडे, मान खाली.

"सभापतीसाहेब, इकता कावून?" मी इचारलं.

"नवी आली म्हनून."

ह्ये उत्तर काय कामाचं न्हाई. बाजारात सगळे 'चारा न्हाई म्हनून इकतो' म्हनतेत. 'खाली बसतो म्हनून इकतो' असं कुनी म्हनलेलं मी ऐकलं न्हाई.

आन् सभापती तर द्यायलाच बसलते. जॅक घ्या. जादाचं चाक घ्या. ताडपत्री घ्या. आतला गनपती घ्या. वर एक भरलेली टाकी घ्या. माजं मन तिथंच चरकलं. बगा, आपला दस्तूर काय हाय? बैल इकला तर मालक दावं देत न्हाई. घेनाऱ्यानं आपलं दावं आनायचं. दावं गोठ्यात ऱ्हातं, म्हंजे लक्ष्मी गोठ्यात ऱ्हाती. ज्याचा जनावरावर जीव असतो त्यो काहीतरी मागं ठेवतोच. हे बाबाजी तर गनपतीसकट द्यायला निघालते. सगळंच देनाऱ्याचं घ्यायचं न्हाई, ह्यो माजा पयला नेम. मी शेठला कोपरानं ढोसलं, म्हंजे सोडा.

पन शेठ म्हनला, "आलोच हावोत तर घाटात घालून बगू."

मांजरसुंब्याच्या घाटात घातली. आता माजा दुसरा नेम, जनावर मालकाच्या हातानं बगायचं न्हाई, परक्याच्या हातानं बगायचं. पन परका कोन? शेठ चार दिवसांपूर्वी शाळेच्या मैदानात गाडी शिकलता. घाट बगून त्यो मागच्या शिटावर सरकला. मला तर सायकलबी येत न्हाई. मंग त्रिंबकच बसला.

घाटाच्या पायथ्याला त्यानं गाडी बाजूला घेतली. उतरला. बॉनेट उचललं, आत वाकला आन् हळूच काहीतरी पुटपुटला. टक टक आवाज आला. मंग बॉनेट लावून त्येच्यावरनं हात फिरवला. खटका दाबला आन् गाडी घाट अशी चढली की काय सांगू! येताना पुन्यांदा तेच. उतरला, पुटपुटला, टक टक, हात फिरवला. माज्या अंगावर काटा आला. आमी बैलाला चढाच्या आदी असंच थोपटतो, कानात बोलतो. मला वाटलं, ह्यो मानूस गाडीला जनावरावानी जपतो.

वाड्यावर आलो. सभापती म्हनले, "त्रिंबक, डिकीतलं सगळं ह्येंना दाव, काय ठेवू नगंस." तर त्रिंबकनं शिटाखालनं एक लाकडी हातोडी काढली. बाभळीची, तोंडाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. आन् ती बंडीत खुपसली.

"ते काय रं?" सभापती वरडले. "दे की बे ते!"

"न्हाई," त्रिंबक म्हनला. "ही माजी हाय. ही मी देनार न्हाई." आन् त्येच्या डोळ्यात पानी आलं.

झालं! मी तिथंच इरघळलो. दावं! मालकानं न्हाई ठेवलं, पन ज्यानं सांभाळली त्यानं दावं ठेवलं. एवढा जीव कुनी वाईट जनावरावर लावत न्हाई. माजे दोन्ही नेम मी धाब्यावर बसवले आन् शेठला म्हनलो, "घ्या. डोळे झाकून घ्या."

उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून सौदा केला, बैलासारखा. सभापतींना लई मजा वाटली. सौदा झाल्यावर मी म्हनलो, "आता आठ दिवसांची बोली. अडली तर मागारी."

"आवं, गाडीला कसली बोली? कागद झाले, इषय संपला."

सगळे हसले. माजं टाळकं सरकलं. चाळीस वर्सांत बोलीशिवाय मी सौदा केला न्हवता. म्हनलो, "तुमची नसंल तर नसू द्या. माजी बोली हाय! आठ दिवसांत अडली तर माजी जोडी लावून वढीत आनीन." जिभेला हाड नसतं म्हनतात ते खरं हाय.

त्रिंबकनं गाडी धारूरला पोचवली, चावी दिली, बॉनेट पुसलं आन् एसटीनं माघारी गेला.

पाच दिस शेठ पेठेतल्या पेठेत पेट्रोलवर गाडी फिरवत व्हता. दुकान ते मठ, मठ ते दुकान. सहाव्या दिशी शिवकांताबाईला घेऊन माजलगावला पाव्हन्याकडं गेला. येताना धारूरच्या घाटाशी पेट्रोल संपत आलं म्हनून गॅसचा खटका दाबला. गाडी शिंकली, खोकली आन् गप झाली. पेट्रोलवर घ्यावं तर पेट्रोल न्हाई, गॅसवर घ्यावं तर गॅस येत न्हाई. टाकी तर शिगोशीग भरलेली! आमचं गाव घाटाच्या पायथ्याला. भर दुपारी शेठ घामानं भिजून माज्या दारात.

त्यानं घाटाकडं बोट केलं. मी जोडी सोडली.

घाटात शिवकांताबाई मागच्या शिटावर बसलेल्या, हातात पाव्हन्यानं दिलेला नारळ. मी म्हनलो, "वैनी, जरा उतरता का, बैलाला हलकं जाईल."

"मी उतरनार न्हाई," त्या म्हनल्या. "ह्येंनी मला बसायला गाडी घेतली. मी बसनार."

बसल्या! आख्खा घाट बसल्या. म्होरं माजी जोडी, मंग दोर, मंग ती पांढरी गाडी, शेठ चाकावर हात धरून घामाघूम, आन् मागं वैनी नारळ घेऊन सरळ ताठ. धारूरच्या पेठेत शिरलो तर दुकानंच्या दुकानं रस्त्यावर आली. एक जन वरडला, "शेठ, ॲव्हरेज काय देती हो?" दुसरा म्हनला, "आता पेट्रोल, गॅस आन् कडबा, तिन्हीवर चालती!" मी बैलाच्या शेपटाकडं बघत चाललो व्हतो. तोंड वर करायची हिंमत नव्हती. मला वाटत व्हतं, जमीन फाटावी आन् मी बैलासकट आत जावं.

दुकानाम्होरं बैल थांबवले. शेठ उतरून आत गेला. शंभरएक मानूस जमलेलं. जावं का गुपचूप निघून? कुनाला ठाव व्हतं पारख कुनाची ते? शेठनं तर माजं नाव अजून घेतलं नव्हतं. पन बोली माजी व्हती. मी पटका काढून हातात घेतला.

"ऐका रं," मी म्हनलो. "ही गाडी घ्या म्हनून धोंडीरामनं सांगितलं. शेठची चूक न्हाई. धोंडीरामची पारख चुकली."

कुनी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं. बाजारातला जुना शहादेव दलाल तिथं उभा व्हता, त्यानं मान खाली घातली. चाळीस वर्सं गेली, मी मनात म्हनलो. आता वट्यावर कावळाबी यायचा न्हाई. घरी आलो, जेवलो न्हाई. सुंदरबाईनं पयल्यांदाच टोमना मारला न्हाई, त्येचं मला जास्ती वाईट वाटलं.

दुसऱ्या दिशी पाटोदा गाठलं. सभापती मुंबईला गेलते. त्रिंबक स्टँडवर चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसलेला, रिकामा. मी तिथंच त्येची गचांडी धरली.

"त्या गाडीत काय खोट हाय ते बोल!"

"गॅसचा वॉल अडकतो," त्यो शांतपनी म्हनला. "खटका दाबायच्या आदी दोन टोले द्यावे लागतेत. जोरात दिले तर फुटल, हळू दिले तर सुटत न्हाई. माज्या हाताला बरोबर कळतं. ह्या हातोडीनंच. सात वर्सं झाली."

"आन् ते पुटपुटत काय व्हतास?"

"शिव्या देत व्हतो."

मी गचांडी सोडली. मटकन बाकड्यावर बसलो.

"मंग त्या दिशी डोळ्यात पानी कावून आलं रं?"

"नवी जीप सभापतींच्या मेव्हन्याचा पोरगा चालवतो. जुनी गेली की माजी नवकरी गेली." त्यानं चहाचा गलास बाजूला ठेवला. "मला वाटलं, ते धारूरचे शेठ नवशिके हायेत, गाडीसंग मलाबी ठेवून घेतील. हातोडी ठेवली तर मला बोलवावंच लागल."

"आरं, मंग मला सांगायचं! मी तुज्या तोंडाकडंच बगत व्हतो की!"

"बगत व्हता," त्रिंबक म्हनला. "तुमी मालकाला इचारलं, कावून इकता. मला काय इचारलं तुमी? एक शब्द बोललात माज्याशी?"

चाळीस वर्सं मी मालकाचं तोंड वाचलं, राबनाऱ्याला कदी बोललो न्हाई. रडू बरोबर वळखलं आन् कशाचं ते इचारलं न्हाई. तिथं बाकड्यावर मला माजीच लाज वाटली.

त्येला घेऊन धारूरला आलो. त्यानं बॉनेट उचललं, वाकला, दोन टोले दिले, आन् गाडी गुरगुरली. शेठनं त्येला तिथंच कामावर ठेवलं. त्रिंबकशी बोलला, पगार ठरवला, चहा पाजला. माज्याशी बोलला न्हाई. मी बैलाला पानी दावायचं हाय म्हनून निघून आलो.

म्हयना गेला. मी वट्यावर बसायचंबी सोडलं. आन् एक दिस सकाळी ती पांढरी गाडी दारात. त्रिंबक चाकावर, मागं शिवकांताबाई.

"चला," त्या म्हनल्या. "चकलांब्याला माज्या भावाला जुना ट्रॅक्टर घ्यायचाय."

"वैनी, मला कशाला? सगळ्या पेठंम्होरं—"

"म्हनूनच. त्या तीन मेकॅनिकांतला एकबी अजून चुकलो म्हनला न्हाई. ह्येंनी धाडलंय मला. स्वतः यायला लाजतेत."

सुंदरबाईनं आतून पटका आनून दिला आन् पदरानं डोळे पुसले. मी पटका बांधत त्रिंबकशेजारी बसलो, गाडी वळली, तसं मागं वळून वैनीला इचारलं, "त्यो ट्रॅक्टर चालवतो कोन? मालकाचं मागनं बगू. आदी मला त्येच्या घरी न्या."