आधी जावयाला

गोपाळराव पागनीस आपल्या जावयाला खांब म्हणत. मनातल्या मनात, अर्थात. तोंडानं ते त्याला 'रघुनाथराव' म्हणत, 'तुम्ही' म्हणत, आणि तो समोर आला की बसलेली खुर्ची सोडून उठत. पागनिसांच्या घरातली ही जुनी रीत. पूर्वज पेशव्यांच्या पागेचं काम बघायला बुंदेलखंडात आले ते झाशीतच राहिले. पुढे घोडे गेले, राज्य गेलं, मुलांच्या तोंडची मराठीसुद्धा निम्मी गेली, पण जावयाचा मान काही गेला नाही.

खांब सव्वासहा फूट उंच होता. रेल्वे कारखान्याच्या बास्केटबॉल संघात तो सेंटरला खेळायचा, आणि गोपाळराव त्या संघाचे कोच. कारखान्यात ते फोरमन होते. संघ त्यांनीच उभा केला होता, इंजिन शेडच्या मागची जागा साफ करून, सिमेंट मागून आणून. तिथं खेळलं की अंगावर कोळशाची काजळी बसते, पण कोर्ट ते कोर्ट. येत्या मार्चअखेर ते रिटायर होणार होते. होळीच्या आधी होणाऱ्या सामन्यांचा कप तेवढा संघानं कधी जिंकला नव्हता. बबीना छावणीचे जवान दरसाल यायचे, खेळायचे आणि कप ट्रकमध्ये टाकून घेऊन जायचे. तो कप एकदा, फक्त एकदा, रेल्वे क्लबाच्या म्हणजे इन्स्टिट्यूटच्या काचेच्या कपाटात बघायचा आणि मग खुशाल घरी बसायचं, एवढीच गोपाळरावांची इच्छा उरली होती.

त्या कपापायीच तर त्यांनी हा जावई आणला. इटारशीच्या संघात तो खेळताना दिसला आणि यांचे डोळे दिपले. लेकीसाठी, शारदेसाठी, स्थळ म्हणून विचारायला गेले तेव्हा पत्रिकेच्या आधी उंची विचारली. "मुलगी द्यायची आहे, की खांबावर दिवा लावायचाय?" असं त्यांची बायको पार्वतीबाई म्हणाल्या होत्या. खांब हे नाव तेव्हापासूनचं. लग्न झालं, खटपटी करून झाशीला बदली झाली, आणि करायला गेले गणपती तो झाला मारुती.

गुण तो ढिगानं करायचा, त्याबद्दल वाद नव्हता. सारी रेल्वे कॉलनी त्याच्यावर खूश. पण संघ पूर्वीपेक्षा जास्त हरू लागला होता, आणि हे एका गोपाळरावांशिवाय कुणालाच दिसत नव्हतं. लोकांना काय, टोपलीत चेंडू पडला की टाळी वाजवायची. चिरगाँवच्या बसचा कंडक्टर तिकिटं फाडता फाडता यापेक्षा जास्त विचार करत असेल.

"अहो, पस्तीस-पस्तीस गुण करतो एकटा माणूस!" इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी केशवराव त्यांना म्हणाले. हे ऑफिसात हेडक्लार्क होते आणि आयुष्यात कॅरम सोडून काही खेळले नव्हते.

"करतो ना. आणि बाकीचे चौघं मिळून पंधरा," गोपाळराव म्हणाले. "तो नव्हता तेव्हा हेच चौघं पळत होते, चेंडू फिरवत होते, बास्केट टाकत होते. आता चेंडू याच्याकडे गेला की बारशाला आलेल्या पाहुण्यांसारखे उभे राहतात. समोरच्यांना बरंच झालं. एका खांबाभोवती तिघं उभे केले की काम झालं."

"खांबाभोवती?"

"रघुनाथरावांभोवती."

"मग बसवा त्यांना बाकावर. कोच तुम्ही आहात."

जावयाला बाकावर बसवायचं! चारचौघांत, शारदेच्या देखत! जावई म्हणजे दहावा ग्रह, असं उगाच नाही म्हणत. बाकीचे नऊ निदान शांत तरी करता येतात.

राग येण्यासारखं रघुनाथनं कधी काही केलं नव्हतं, आणि नेमका त्याचाच गोपाळरावांना राग येई. तो कमी बोलायचा, सावकाश जेवायचा, काहीही सांगितलं तरी "हो मामा" म्हणून हसायचा. एवढ्या मोठ्या देहात देवानं डोकं घालायचं विसरून नुसतं हसू घातलं, असं त्यांचं मत होतं.

अंतिम सामना रविवारी होता. शनिवारी सगळा संघ पागनिसांकडे जेवायला आला. संघ म्हणजे तरी कोण, तर घरचीच माणसं. जनार्दन हा गोपाळरावांचा सख्खा पुतण्या, कारखान्यात टर्नर. बापू आणि वसंता चुलतभावाचे मुलगे. आणि पाचवा हरप्रसाद, बुंदेली, एरच गावचा. तोही रघुनाथला जीजाजीच म्हणे, कारण त्यांच्याकडे एका घरचा जावई साऱ्या गावाचा जावई असतो आणि थोरलेसुद्धा त्याच्या पायाला हात लावतात.

पानं मांडली. पार्वतीबाईंनी पहिलं पान रघुनाथला वाढलं. मग बाकीच्यांना. वरणभातावर तूप पडलं, आणि चौघंही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. रघुनाथ आपला सावकाश भात कालवतोय. चौघांचे डोळे त्याच्या हाताकडे. त्यानं पहिला घास घेतला, तेव्हा कुठे चौघांचे हात पानाकडे गेले.

गोपाळरावांच्या हातातला घास हातातच राहिला. हे तर त्यांनी कोर्टावर सबंध हिवाळाभर पाहिलं होतं. हीच चार गाढवं, अशीच हात खाली सोडून, याच माणसाकडे बघत! चेंडू वाढत होते लेकाचे. आधी जावयाला.

जेवणं झाल्यावर त्यांनी रघुनाथला ओसरीवर गाठलं. "रघुनाथराव, एक सांगायचं होतं. म्हणजे, राग मानू नका. तुमचा खेळ उत्तमच आहे..." एवढं म्हणून ते खोकले. कारखान्यात दोनशे माणसांना आईमाईवरून शिव्या घालणारा माणूस जावयासमोर शब्द चाचपत होता. "आत चेंडू आला की दर वेळी तुम्हीच टाकायला हवा असं काही नाही. बाहेर कुणी मोकळा असेल तर त्याला द्यावा."

"देतो ना मामा," रघुनाथ म्हणाला. "पण ते परत मलाच देतात."

गोपाळरावांनी मान हलवली, बरं म्हणाले, आणि मनात म्हणाले, नाचता येईना, अंगण वाकडं.

रविवारी दुपारपासून कोर्टाभोवती गर्दी झाली. शेडच्या भिंतीवर पोरं चढली होती. इन्स्टिट्यूटच्या खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या, त्यात पार्वतीबाई आणि शारदा. बबीनाचे जवान उधळलेल्या घोड्यांसारखे पळत होते. त्यांच्यातला एकही रघुनाथएवढा उंच नव्हता आणि त्यांचं काही अडतही नव्हतं. चेंडू कुणाचा, असा प्रश्नच त्यांना पडत नव्हता.

इकडे रघुनाथकडे चेंडू आला, तिघं जवान त्याच्यावर धावले, आणि त्यानं खरोखर तो बाहेर हरप्रसादला दिला. हरप्रसाद मोकळा. समोर कुणी नाही. त्यानं चेंडू दोन्ही हातांत धरला आणि परत आत फेकला. "जीजाजी, आप!"

रघुनाथनं वसंताला दिला. वसंतानं परत रघुनाथला दिला. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा भिंतीवरची पोरं ओरडू लागली, "पहले आप! पहले आप!" साऱ्या गर्दीनं ते उचललं. झाशीत लखनवी अदब बघायला मिळाली म्हणून लोक पोट धरून हसत होते.

गोपाळराव शरमेनं काळे पडले. खांब खरं बोलला होता. त्यांना त्याची माफी मागावीशी वाटली नाही, फक्त चौघांचे कान उपटावेसे वाटले. मध्यंतराला चौघं घाम पुसत समोर येऊन उभे राहिले आणि गोपाळरावांचा बांध फुटला.

"लाज नाही वाटत? पंगत बसलीये का इथं? तो तुमच्या बहिणीचा नवरा आहे तो घरी! इथं तो खांब आहे, खांब! खांबाला कुणी विचारतं का, मी आधी जेवू का म्हणून? समझे के नहीं, हरप्रसाद?"

"समझ गए, काका."

मग गोपाळरावांच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो, आणि रघुनाथ तिथंच उभा आहे. मागे खुर्चीवर शारदा मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. तिनं ऐकलं होतं.

रघुनाथ हसला. "बरोबर आहे मामा," तो म्हणाला, आणि पाण्याचा गडू खाली ठेवून कोर्टात गेला.

त्यानंतर जे झालं ते बघायला गोपाळराव जन्मभर थांबले होते. पोरं सुटली. रघुनाथ चेंडू घ्यायचा, जवानांना अंगावर ओढून घ्यायचा, आणि बाहेर द्यायचा. बापूनं टाकला, पडला. हरप्रसादनं टाकला, पडला. वसंताचा हुकला तर रघुनाथनं तो बोर्डावरून काढून पुन्हा त्यालाच दिला, आणि या वेळी पडला. रघुनाथचे स्वतःचे गुण जेमतेम होत होते आणि संघ मात्र वर चढत होता. गर्दीचं हसणं बंद झालं. मोठी पिछाडी भरत आली, आणि शेवटच्या मिनिटात संघ एकाच गुणानं मागे राहिला. चेंडू आपला.

गोपाळराव खुर्चीच्या कडेवर आले होते. रघुनाथ आत घुसला, चौघं जवान त्याच्यावर कोसळले, आणि त्यांच्या हातांखालून त्यानं चेंडू जनार्दनला दिला. जनार्दन रिंगच्या शेजारी, एकटा. शेंबड्या पोरानंही टाकला असता. त्यानं हात वर उचलले.

आणि त्यानं गोपाळरावांकडे पाहिलं. लहानपणापासून, पतंग उडवायच्या आधी, शाळेत नाव घालायच्या आधी, नोकरीचा अर्ज करायच्या आधी, जसं काकांकडे पाहायचा, तसंच.

गोपाळराव ताडकन उठले. मघाचा तो शब्द त्यांना अजून टोचत होता, शारदेची खाली गेलेली मान डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि साऱ्या गावाच्या देखत जावयाचा झालेला अपमान भरून काढायला एवढीच एक वेळ होती. यातलं काही त्यांनी ठरवलं नाही. ते तोंडातून निघून गेलं.

"रघुनाथरावांना! आधी रघुनाथरावांना दे!"

जनार्दननं दिला. मध्ये एका जवानाचा हात आला, चेंडू उडाला, शेवटची शिट्टी झाली.

कप ट्रकमध्ये गेला. जवान गात गात बबीनाच्या रस्त्याला लागले. गर्दी पांगली. केशवराव जाता जाता थांबले आणि जाणकाराचा चेहरा करून म्हणाले, "आज रघुनाथरावांनी गुणच केले नाहीत हो. म्हणून हरलो. चेंडू त्यांच्याकडे अजून द्यायला हवा होता."

एरवी गोपाळरावांनी त्यांना सोलून काढलं असतं. आज ते खुर्चीत बसून राहिले. त्या मूर्खानं सांगितलं तेच तर त्यांनी स्वतः भर मैदानात ओरडून सांगितलं होतं. स्वतःची एवढी किळस त्यांना कधी आली नव्हती.

रघुनाथ टॉवेलनं मान पुसत आला. मागे जनार्दन, रडवेला.

"जनार्दन मोकळा होता मामा," रघुनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. आज हसूही नव्हतं.

"माहीत आहे मला," गोपाळराव म्हणाले.

मग त्यांना कळलं की आपण उभे आहोत. जावई आला म्हणून खुर्ची सोडून उठलो आहोत. रघुनाथनं खुर्चीकडे पाहिलं, पण तो बसला नाही. त्यानं जनार्दनचा दंड धरून त्याला पुढे ओढलं आणि म्हणाला, "बस. दमलायस."

जनार्दन बसेना. खुर्चीला पाय टेकवून तो तसाच ताटकळत उभा राहिला आणि गोपाळरावांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"बस रे," गोपाळराव म्हणाले, तेव्हा तो बसला.