मोझेलला पाच जण

मोझेलला जायचं खूळ ह्यांचं. माझं नाही, हे आधीच सांगून ठेवते. जर्मनीतलं नदीकाठचं गाव, डोंगरभर द्राक्षं आणि घराघरात त्या द्राक्षांची वाइन. देवदर्शन नाही, काही नाही, आणि आम्ही दोघं तर थेंबालाही शिवत नाही. पण ह्यांनी साताऱ्याच्या शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवला. मोझेल नदी कशी वळणं घेते, उभ्या चढावर वेली कशा लावतात, हे फळ्यावर काढून काढून हात दुखले म्हणे. फेब्रुवारीत ह्यांची बायपास झाली. शुद्धीवर आल्यावर माणसानं बायकोचं नाव घ्यावं की नाही? ह्यांनी विचारलं, "जूनमध्ये हृषीकडे जायचंय ना? तिथून मोझेल किती लांब गं, कुंदा?"

तर दोन हजार आठच्या जूनमध्ये आम्ही झिंडेलफिंगेनला आलो. हृषिकेश तिथे गाडीच्या कारखान्यात इंजिनिअर. सून ऊर्मिला कार्ल्सरूहेला कॉम्प्युटरमध्ये, रोज ट्रेननं जाऊन येऊन. नात स्वानंदी आठ वर्षांची. ऑगस्टचा पहिला आठवडा मोझेलला घालवायचा असं ठरलं, आणि आखणीचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मीच घेतलं. नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढली मी. कागद दिसला की माझे हात शिवशिवतात.

हृषीनं इंटरनेटवर एक फेरीनवोनुंग शोधली, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्यानं मिळणारं घर. खाली द्राक्षमळेवाले राहतात, वर दोन खोल्या आणि एक सोफा. मी फाइल केली. कोण कुठे झोपणार ते लिहिलं: आम्ही दोघं बागेकडच्या खोलीत, हृषी-ऊर्मिला नदीकडच्या, स्वानंदी सोफ्यावर. कुकर, मेतकूट, दाण्याची चटणी, ह्यांच्या गोळ्या आठवड्याच्या वेगळ्या. हे नकाशा पसरून बसायचे आणि बोटानं नदी गिरवायचे. "अहो, भोक पडेल त्या नकाशाला," मी म्हणायचे.

ऊर्मिलाबद्दल सांगते. सासूनं सुनेचं कौतुक केलं की लोकांना खोटं वाटतं, वाटू दे. अकरा वर्षांत तिचा गुरुवारचा फोन चुकला नाही. मुलगा आठवेल तेव्हा करतो. बायपासच्या वेळी हृषीला रजा मिळेना, तर ही एकटी विमानात बसून आली आणि बारा रात्री हॉस्पिटलच्या त्या मेल्या खुर्चीवर काढल्या तिनं. नर्स मला म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो तुमची." मी दुरुस्त केलं नाही.

ह्या खेपेला मात्र ती जरा हरवल्यासारखी होती. पहिल्याच दिवशी चहाचं गाळणं शोधायला तिनं तीन ड्रॉवर उघडले, स्वतःच्या स्वयंपाकघरात. कपाटात कपडे मोजून चार. नोकरी करणाऱ्या बायका, घराकडे लक्ष कुठून असणार, असं म्हणून मी गप्प बसले. माझं खरं भांडण होतं ते स्वानंदीशी. गेल्या वर्षीपर्यंत फोनवर मराठीत पोपटासारखी बोलायची, आणि आता काहीही विचारा, उत्तर जर्मनमध्ये. "मराठी बोललीस तर जीभ झिजेल का गं तुझी?" मी रोज म्हणायचे. ती "नाइन" म्हणायची, म्हणजे नाही, आणि पळायची.

जुलैच्या मध्यावर मळेवाल्या बाईंचा कागद आला. पाहुण्यांसाठी एक कार्ड मिळतं, त्यावर गावातली बस फुकट आणि बोटीत सवलत. त्यासाठी प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, राहता पत्ता भरून पाठवायचा. फुकट बस म्हटल्यावर मी पाचही पासपोर्ट मागून घेतले. हृषी म्हणाला, "आई, मी करतो ना." मी म्हटलं, "तू राहू दे. तुझं अक्षर बघितलंय मी."

ऊर्मिलाचा पासपोर्ट नवा कोरा, मार्चमध्ये करून घेतलेला. आपल्या पासपोर्टला शेवटच्या पानावर पत्ता असतो. तिथे झिंडेलफिंगेन नव्हतंच. कार्ल्सरूहेची कुठलीशी गल्ली, घर नंबर, सगळं टापटीप छापलेलं. मी कपाळावर हात मारला. कॉन्सुलेटवाल्यांनी ऑफिसचा पत्ता घातला वाटतं! पत्त्यातली चूक काय असते ते मला विचारा. पत्त्यातल्या एका चुकीपायी माणसं माझ्या खिडकीपुढे रडलेली आहेत.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी विषय काढला. "ऊर्मिला, पासपोर्ट उघडून बघितलास का? पत्ता सपशेल चुकलाय."

तिच्या हातातला घास हातात राहिला. हृषी घाईघाईनं म्हणाला, "हो आई, गेनाऊ, अगदी बरोबर, ऑफिसचा पडला असेल. बघू नंतर."

"नंतर काय? नंतरचं नंतर राहतं. उद्याच अर्ज पाठवायचा."

"पाठवते, आई," ऊर्मिला ताटाकडे बघत म्हणाली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण थांबेन तर ती कुंदा कसली. उष्टा हात धुतला, कोरा कागद घेतला आणि टेबलावरच अर्ज लिहायला बसले. 'माझा पत्ता चुकीचा छापला गेला असून तो दुरुस्त करून मिळावा.' मोठ्यानं वाचत लिहीत होते मी, सगळ्यांना कळावं म्हणून.

"आजी, तो चूक नाहीये."

स्वानंदी. मराठीत. मी इतकी खूश झाले की काय बोलली ते डोक्यात शिरलंच नाही. "अगं बाई! फुटला का कंठ?"

"तो बरोबर आहे. मम्मा तिथे राहते, तिसऱ्या मजल्यावर. माझा पण बेड आहे, खिडकीपाशी."

"स्वानंदी!" हृषी ओरडला, आणि पोर भोकाड पसरून रडायला लागली. "पप्पा, मी नव्हते बोलणार! तू म्हणालास मराठी बोललीस तर आजीला सगळं सांगशील, म्हणून मी इतके दिवस बोललेच नाही!"

 ह्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"सप्टेंबर," हृषी म्हणाला. "तुमच्या ऑपरेशननंतर सांगायचं धाडस झालं नाही, बाबा. डॉक्टर म्हणाले होते धक्का नको. तुम्ही परत गेल्यावर, सावकाश..."

ज्या हृदयापायी ही सगळी नाटकं, त्या हृदयाला काही झालं नाही. हे जेवत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "ऊर्मिलाला भात वाढा. गार होतोय." फटका बसला तो मला. मी उठले आणि तिला नाही नाही ते बोलले. पाच आठवडे माझ्या हातचं गिळलंस आणि तोंडावर खोटं बोललीस म्हणाले. नाटकी म्हणाले. एवढ्याशा पोरीला खोटं बोलायला शिकवलंत, लाज वाटू द्या म्हणाले. ती उठून भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी ती आवरत होती. चारच कपडे, किती वेळ लागणार. हे आणि हृषी स्वानंदीला घेऊन खाली बागेत गेले होते, मुद्दाम गेले होते. मी दारात जाऊन उभी राहिले.

"भांडण काय झालं होतं तुमचं?"

"भांडण नाही, आई. बोलणंच संपलं."

"मग भांडायचं ना! आम्ही सदतीस वर्षं भांडतोय."

ती जराशी हसली आणि लगेच डोळे पुसले. मी हिशेब घालत होते. सप्टेंबरमध्ये वेगळी झाली. म्हणजे फेब्रुवारीत ती खुर्चीवर बसली होती तेव्हा ती ह्या घरची नव्हतीच. बारा रात्री. कुणी सांगितलं होतं तिला यायला?

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"हो."

"कधी सांगितलंस?"

"पहिल्याच दिवशी."

हे जे लागलं ना मला, त्यापुढे आदल्या रात्रीचं काहीच नव्हे. एवढी वर्षं मी जगाला सांगत आले, सून नाही, मुलगी आहे माझी. आणि खरी वेळ आली तेव्हा मुलीनं सांगितलं ते आपल्या आईला. मी विचारलं, "मग मलाच का नाही गं? मी काय तुला खाल्लं असतं?"

ती पलंगावर बसली. "तुम्हाला सांगितलं की संपलं, आई. मला अजून थोडे दिवस तुमची सून राहायचं होतं. हृषीनं नाटक कर म्हटलं तेव्हा मी एका मिनिटात हो म्हटलं, ते बाबांसाठी नव्हतं." मग नाक ओढून म्हणाली, "मोझेलला मी येते. ठरल्याप्रमाणे. बाबांची इतकी इच्छा आहे, आणि तुम्ही एवढी आखणी केलीत. एक आठवडा. हृषीची हरकत नाही."

खोटं कशाला सांगू, 'ये' हा शब्द माझ्या ओठावर होता. मुलगा माझा आहे, तो कुठे जातोय. पण ही एकदा गेली की गेली. कोर्टाचा कागद झाला की कुठल्या नात्यानं तिला गुरुवारी फोन करायला सांगू? एक आठवडा तर एक आठवडा. सकाळचा चहा दोघी नदीकडे बघत प्यायलो असतो. मी तिच्या केसांना तेल लावून दिलं असतं. नाटक तर नाटक, मला चाललं असतं.

खिडकीतून खाली स्वानंदी दिसत होती. ह्यांचा हात धरून काहीतरी सांगत होती. तोंड थांबत नव्हतं पोरीचं. वरपर्यंत शब्द येत नव्हते, पण हे मान हलवत होते, म्हणजे मराठीच असणार.

"नको येऊस," मी म्हटलं.

"आई..."

"ती पोरगी आठवडाभर तुम्हा दोघांना एका खोलीत झोपलेलं बघेल आणि तिला वाटेल झालं सगळं ठीक. मग रविवारी परत आल्यावर तिला काय सांगशील? माझंही तेच होईल. मला तर आठ वर्षांच्या मुलीएवढीही अक्कल नाही. मी आशा धरून बसेन. नको येऊस तू."

तिनं मान हलवली. बॅगेची चेन ओढली. तिची गाडी अकरा अठराची होती, स्टेशन दहा मिनिटांवर. दारापाशी बॅग ठेवून ती नेहमीसारखी वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. दर वेळी माझ्या तोंडून आपोआप 'अखंड सौभाग्यवती' निघतं. ते आता कसं म्हणू? आणि ते नाही तर दुसरं काय म्हणू? सुनेला द्यायचा दुसरा आशीर्वाद मला कधी लागलाच नव्हता.

"काय म्हणू गं तुला?" मी विचारलं.

"काही म्हणू नका, आई. नुसता हात ठेवा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती उठेना, आणि मीही हात काढला नाही. अकरा अठराची गाडी चुकली. पुढची अकरा अठ्ठेचाळीसची. तीही चुकावी म्हणून मी तिला डबा करून दिला, डब्यावर झाकण बसत नाही म्हणून दुसरा शोधला, लोणचं बांधून दिलं. ती गाडी तिला मिळाली.