कोपऱ्यातला लाल डाग

दिघाशीच्या देवळापुढच्या मांडवात भूमीनाथ महाराजांनी भगव्या मखमलीतून टॅबलेट बाहेर काढला, की गर्दी चपला काढून उभी राहायची. दारात गाडी असलेले, पोरांना इंग्रजी शाळेत घालणारे, एरवी भाजीवाल्याशीही हुज्जत घालणारे लोक त्या काचेच्या तुकड्याला हात जोडायचे. महाराज कुणाच्या शेतात पाऊल ठेवत नसत. मालकाने सर्व्हे नंबर सांगायचा, महाराजांनी डोळे मिटून बोट फिरवायचं, आणि काचेवर त्याचं शेत उमटायचं. सगळं हिरवंगार, फक्त एका कोपऱ्यात लालभडक डाग.

"उपग्रह म्हणजे काय?" महाराज विचारायचे आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायचे, "वरून बघणारा डोळा. पूर्वी ऋषींना होता, आता माझ्याकडे आला आहे. लाल दिसतो तो दाह. तिथे कुणीतरी जळतं आहे."

मग त्या चित्राची छापील प्रत लाल कापडी पाकिटात घालून मालकाच्या हाती पडायची. पाकीट दुसऱ्याला दाखवलं तर दोष त्याच्या घरात शिरतो, अशी ताकीद असायची. उपाय एकच, त्या जमिनीतून हात काढून घ्यायचा. आणि अशी जळकी जमीन पदरात घ्यायला हरेश अगदी उदार मनाने तयार असायचा. हरेश गावातलाच. गोदामवाल्यांना जागा मिळवून द्यायचा त्याचा धंदा. गोदामाला दोष लागत नाही, हेही महाराजांनीच सांगून ठेवलं होतं. दोषालासुद्धा धंद्याची अक्कल होती म्हणायची.

गर्दीच्या मागच्या बाजूला क्षितिजा दात-ओठ खात उभी होती. केसरीनाथांची ही मुलगी शेतकी शिकलेली. नाशिककडच्या एका कंपनीत द्राक्षबागांचे उपग्रहावरून आलेले नकाशे वाचायचं काम ती करायची. ते सोडून ती गावी आली, कारण वडिलांनी रस्त्याकडचं शेत तिला कसायला द्यायचं कबूल केलं होतं. मातीत ओल मोजायची यंत्रं पुरून तिने कामाला सुरुवातही केली होती. आणि आज तेच केसरीनाथ महाराजांपुढे मान घालून बसले होते.

"एक बाई दिसते," महाराज डोळे मिटून म्हणाले. "तुमच्याच रक्ताची. अंगावर ज्वाळा आहेत. अजून विझलेली नाही ती."

केसरीनाथांचा चेहरा पांढरा पडला. त्यांची थोरली बहीण ठमाबाई स्टोव्हचा भडका होऊन गेली होती. ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, हरेशलाही. पण भीतीने गारठलेला माणूस बातमी कुठून फुटली ते विचारत नाही.

घरी येऊन ते जेवले नाहीत. सोमवारी भिवंडीला रजिस्ट्रारकडे सही करायची, एवढंच बोलले. क्षितिजाने नाना परीने समजावलं. असली चित्रं आपण रोज बघत होतो, त्यांत भुतं दिसत नाहीत, पानं दिसतात, असंही सांगितलं.

"ठमी तिथं जळते हाय, न तू मला पानं सांगतंस?" केसरीनाथ म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

क्षितिजाला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. मेलेल्या बहिणीला पुन्हा पेटवून भावाची जमीन काढून घेणारा माणूस, आणि त्याला हार घालणारं गाव. तिने लॅपटॉप उघडला. महाराजांचा तो दिव्य डोळा कुणालाही फुकट उघडता येतो. आपलं शेत तिला लगेच सापडलं आणि लाल कोपराही सापडला. तो लाल का, ते मात्र तिलाही चटकन उमगेना. मग कामावरच्या सवयीने तिने शेजारचं महादूकाकांचं शेत उघडलं. तिथेही लाल कोपरा होता. त्याच्या पलीकडच्या शेतातही होता. मग तिने त्याच जागेची जुनी चित्रं काढून बघितली, आणि कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी ती मांडवात महाराजांपुढे जाऊन बसली. मामाची जमीन आहे असं भासवून तिने एक सर्व्हे नंबर सांगितला. बोट फिरलं आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाली. महाराज शहारले. अख्खी भूमी पेटली आहे, शेकडो जीव तळमळताहेत, मालकाचा वंश बुडेल, असं त्यांनी घामेघूम होऊन सांगितलं. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"हा नंबर हरेशदादाच्या नव्या गोदामाचा हाय," क्षितिजा म्हणाली.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हरेश मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभा राहिला. महाराज सावरायच्या आत क्षितिजाने टॅबलेट उचलला आणि काचेवर खालच्या कडेला चिकटवलेलं सोनेरी कमळ नखाने खरवडून काढलं. कमळाखाली रंगांची पट्टी होती. पट्टीवर लिहिलं होतं, हिरवं म्हणजे दाट पानं, लाल म्हणजे पानं नाहीत. शेजारी चित्राची तारीख होती, ती माघ महिन्यातली. मांडवाबाहेर तर चैत्राचं ऊन तापलं होतं.

तिने लोकांना आपापली पाकिटं उघडून शेजाऱ्याच्या पाकिटाशी ताडून बघायला सांगितलं. कुणी हलेना. दुसऱ्याचा दोष घरात शिरायची भीती, दुसरं काय. शेवटी महादूकाका उठले आणि आपला कागद त्यांनी गर्दीत बसलेल्या केसरीनाथांच्या कागदाशेजारी ठेवला. दोन्हींत तसाच लाल कोपरा होता.

"काका, तुमच्या शेतातला हा कोपरा कुठला?"

महादूकाकांनी कागदावरून बोट फिरवलं. मग ओशाळून म्हणाले, "राबाचा."

भाताच्या रोपांसाठी शेताचा एक कोपरा राखायचा, त्यावर पाला, फांद्या, शेण पसरून होळीच्या आधी भाजून काढायचा, हे दिघाशीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. माघात बाकीच्या शेतात वाल उभा होता, म्हणून ते हिरवं. राबाचा कोपरा भाजून काळा झालेला, म्हणून तो लाल. गोदामाच्या पत्र्यावर पान उगवत नाही, म्हणून ते सगळंच लाल. आपल्याच हाताने पेटवलेली जागा या लोकांना काचेवर ओळखता आली नव्हती, आणि ती ओळखू येऊ नये म्हणूनच पाकिटांची ती ताकीद होती.

क्षितिजाने लॅपटॉपवर गेल्या आषाढातलं, पावसाने उघडीप दिलेल्या एका दिवसाचं चित्र लावलं. लावणीआधीच्या चिखलाचं अख्खं शेत लाल होतं आणि राबाच्या कोपऱ्यात तेवढी रोपांची हिरवळ. तिने महाराजांना विचारलं, माघात जळणारी माझी आत्या आषाढात गार कशी पडते, आणि गावातल्या प्रत्येक शेतात कोण जळतंय? श्रद्धा नसलेल्याला दिसत नाही, असं काहीतरी पुटपुटत महाराजांनी टॅबलेट मखमलीत गुंडाळला आणि ते हरेशच्या गाडीत जाऊन बसले.

"यंत्र खोटं बोललं न्हाय," क्षितिजा लोकांना म्हणाली. "खोटं माणूस बोलला, न आपण हात जोडून ऐकलं. रंग कसला हाय, कुठल्या दिवसाचा हाय, शेजारच्या शेतात पण तसाच हाय का, येवढं विचारलं असतं तरी त्याला पहिल्याच दिवशी पळावं लागलं असतं. देवाला घाबरा न्हायतर घाबरू नका, पण विचारायला घाबरू नका."

केसरीनाथ कागद मांडीवर घेऊन बसले होते. डोळे पुसत ते म्हणाले, "ठमी राब भाजायला सगल्यांच्या पुढं असायची. त्याच कोपऱ्यात." सोमवारी ते भिवंडीला गेले नाहीत. गावातले दुसरे दोघे मात्र एवढं ऐकूनही आपापल्या जमिनीची सही करून आले. झोपेचं सोंग घेतलेल्यांना कोण उठवणार?

लावणी झाल्यावर एका सकाळी क्षितिजाने वडिलांना शेताचं ताजं चित्र दाखवलं. बांधाजवळ पुन्हा एक लाल पट्टा आला होता. केसरीनाथांनी चष्मा लावला.

"कुठल्या दिवसाचं हाय ह्ये?" त्यांनी विचारलं. "न महादूचं शेत बघितलंस का?"

क्षितिजाने महादूकाकांचं शेत उघडलं.