मधला रकाना

आत्या किडनीच्या रांगेत चौथी होती. रांग महिन्याला दोन नंबर पुढे सरकते, म्हणजे दोन महिने. डॉक्टर म्हणाले होते, डायलिसिसच्या मशीनवर ती फार तर वर्ष काढेल. गणित आमच्या बाजूने होतं. आमच्या घरात असं सहसा होत नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मी त्याच हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आहे. जुना डेटाबेस काढून नवा बसवला, तेव्हा सगळी यादी मीच इकडून तिकडे नेली.

अर्जावर नावाचे तीन रकाने असतात: स्वतःचं, मधलं, आडनाव. यादी करताना डेटाबेस तिन्ही जोडून एक नाव करतो. जुना डेटाबेस मुरलेल्या कारकुनासारखा होता. मधला रकाना रिकामा दिसला, तर गुपचूप दोन टोकं जोडून पुढे जायचा. नवा तत्त्वनिष्ठ. तीनपैकी एक गोष्ट ठाऊक नसेल, तर जोडून जे होईल तेही ठाऊक नाही, असं त्याचं म्हणणं. नाव द्या, आडनाव द्या, मध्ये काही देऊ नका. तो काहीच परत देत नाही.

मी दहा नावं घालून तपासलं होतं. माझं, साहेबांचं, कँटीनवाल्याचंसुद्धा. सगळी तीन मजली.

आत्याने मधला रकाना चाळीस वर्षं रिकामा ठेवलाय. लग्न केलं नाही, आणि आजोबांबद्दल तिचं मत ठाम आहे: "ज्या बापाने मला सातवीतून काढलं, त्याला मी मध्ये बसवून मिरवू?"

नवा डेटाबेस दर रविवारी साफसफाई करतो. बिननावाच्या नोंदी कचरा समजून काढतो. सदतीस माणसं गेली. जुन्या डेटाबेसचा कॉम्प्युटर नियमाप्रमाणे पुसायचा असतो. तो मी शुक्रवारीच पुसला होता, मुदतीच्या आधी. साहेबांनी पाठही थोपटली होती.

सोमवारी मी त्यांच्याकडे गेलो.

"साहेब, माझी आत्या गायब झालीय."

"पोलिसात गेलास का?"

"यादीतून."

साहेबांनी आत्याची नोंदणीची पावती उजेडात धरून पाहिली.

"यावरून त्या आहेत एवढं सिद्ध होतं. कितव्या आहेत ते यादी ठरवते. आणि यादीत त्या नाहीत."

"पावतीवर तारीख आहे ना."

"ती तू हाताने घालणार? रांगेत हात घालणं म्हणजे वशिला. त्यात तुझी सख्खी आत्या! पेपरात येईल."

"मग बाकीचे छत्तीस?"

"त्यांच्यापैकी कोणी बोंब मारलीय का?"

नव्या नोंदीवर डेटाबेस स्वतःच आजची तारीख टाकतो. सदतीसही जण रांगेच्या शेवटी गेले. मी जोडणीची ओळ दुरुस्त केली. एक शब्द वाढवावा लागला. चहा गार व्हायच्या आत झालं. मग कागदी अर्जांवरून नोंदी परत भरल्या. आत्याची सगळ्यात आधी भरली. वशिला म्हणून एवढाच.

दुपारी ती मशीनला जोडलेली होती. मी स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं.

"कितवी मग?"

"दोनशे चाळीस."

"म्हणजे किती?"

"दहा वर्षं." हिशोब मी दोनदा केला होता, कारण पहिला आवडला नव्हता.

"दहा वर्षं थांबायचं तर डॉक्टरांना विचारावं लागेल," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बापाचं नाव घातलं असतं तर?"

"तर चौथीच राहिली असतीस."

"नसूनही नडला म्हातारा."

नवा अर्ज मी सहीसाठी आणला होता. "आता घालू का आजोबांचं नाव? आता तसा काही फरक पडत नाही."

"फरक पडत नाही ना? मग राहू दे रिकामं." तिने नळ्या न लावलेल्या हाताने सही केली. "माझ्यासारखे किती गेले रे?"

"सदतीस."

"त्यांच्यात मी कितवी?"

"पहिली."

नर्सबाई सुई काढायला आल्या होत्या. आत्याने त्यांना सांगितलं, "बाई, माझा पहिला नंबर आलाय."

"अरे वा, अभिनंदन," नर्सबाई म्हणाल्या, आणि तिच्या कार्डावर पुढचा वार लिहिला. बुधवार.