मधला श्वास

ओरिनने कोटाच्या खिशातून जाडजूड लोकरी हातमोजे काढले, दुकानातच ते हातात चढवले आणि काचेच्या कपाटामागच्या बाईंना म्हणाला, "हं, आता द्या तो इकडे."

बाईंच्या छातीवरच्या पट्टीवर डार्लीन असं नाव होतं. पन्नाशीच्या असाव्यात, दिवसभर उभं राहून पाय दुखत असावेत. त्यांनी आधी हातमोज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दुसरीकडे पाहू लागलो.

"हा सगळ्यात जास्त खपतो," म्हणत त्यांनी एक पांढराशुभ्र, गुळगुळीत म्युझिक प्लेअर त्याच्या तळहातावर ठेवला. त्याला बटणं नव्हतीच. एक चकती होती, तिच्यावरून बोट फिरवायचं. ओरिनने फिरवलं. काही झालं नाही.

"मोजे काढा की."

"एप्रिलात पहाटे पाचला, उघड्या माळावर, तुम्ही काढाल?"

"पहाटे पाचला मी गाणी नाही ऐकत."

"मी पण नाही."

"मग काय ऐकता?"

"ससा," ओरिन म्हणाला. "काटेरी तारेत पाय अडकलेला ससा."

"माझ्या भाच्याला पण असलंच काहीतरी आवडतं," डार्लीनबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा काढला.

तो च्युइंगगमच्या पाकिटाएवढा होता. बटण दाबलं की त्याचा पडदा निळा उजळायचा. "हा उजेड बंद करता येतो?" ओरिनने विचारलं.

"कशाला? छान दिसतो की."

"कायोटीला पण छान दिसेल. तिथूनच परत फिरेल ती."

तिसरा खालच्या फळीवर, चार्जरच्या गुंडाळ्यांमागे पडला होता. गेल्या वर्षीचा, साबणाच्या वडीसारखा जाड, कुणी न घेतलेला. पण त्याला पाच उंच बटणं होती. आत भिंतीवरच्या घड्याळात घालतात तसा साधा सेल बसायचा, थंडीत एक मेला की दुसरा घालायचा. शिवाय त्याच्या कुशीला एक बारीकसं भोक होतं. ओरिनने ते भोक उजेडाकडे धरलं.

"ह्यातनं बाहेरचा आवाज आत भरता येतो? टेपवरनं, वायर लावून?"

"पुस्तिकेत लिहिलं असेल."

ओरिनने पुस्तिका न उघडता माझ्या हातात दिली. "घे रे पुस्तकवाल्या. तुझं खातं."

मी चौतीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात काम केलं. पुस्तिका वाचणं एवढंच मला येतं, आणि तेही बरोबर येतं की नाही याची शंका होतीच. मी चष्मा वर सरकवून वाचलं आणि म्हणालो, येतो भरता. ओरिनने तोच घेतला.

गाडीपर्यंत पोचायला तो दोनदा थांबला. एकदा दुकानाच्या दारात, एकदा सामानाच्या ढकलगाडीला धरून. तीस वर्षं तो चिकणमातीच्या गिरणीत कामाला होता. तिथली पिठासारखी धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली होती. मी थांबलो आणि पुस्तिकेचं मागचं पान वाचत असल्यासारखं केलं.

त्याचं दुसरं काम गिरणीच्या हजेरीपटावर कधी नव्हतं. मेंढरांची कोकरं जन्मतात त्या दिवसांत कायोटी सुटतात. कोल्ह्याच्याच जातीच्या, पण अंगाने मोठ्या आणि जास्त हुशार. एखादी कोकरांना चटावली की मेंढपाळ ओरिनला बोलवायचे. तो लाकडी पिपाणीतून जखमी सशासारखा ओरडायचा. ती फसून जवळ आली की बंदुकीचा एक बार, आणि काम संपलं. मोबदला म्हणून शरद ऋतूत एक कोकरू घरी यायचं. असं ओरडणारा आमच्या भागात दुसरा नव्हता, हे लोक त्याच्या तोंडावर कधी म्हणाले नाहीत. बोलावणं येत राहिलं, इतकंच. मग दोन वर्षांपूर्वी ते थांबलं. आता पिपाणी दोनदा फुंकली की त्याला बसावं लागत होतं.

या वर्षी मायते इरिबार्नेची अकरा कोकरं दहा दिवसांत गेली. मायतेचे आजोबा समुद्रापलीकडच्या बास्क डोंगरांतून इथे मेंढरं राखायला आले होते, आता कळप तिचा आहे. तिने आवाजाचं तयार यंत्र आणून पाहिलं. पण तसलं यंत्र अर्ध्या वायोमिंग राज्याकडे आहे आणि सगळ्यांत ससा एकच. तो ऐकून ऐकून ही कायोटी शहाणी झाली होती. तेव्हा मायतेने विमानवाल्यांना शनिवारी यायला सांगितलं. ते वरून उडत गोळ्या घालतात.

ओरिन आपण होऊन तिच्याकडे गेला. "विमान दिसेल त्याला मारतं," तो म्हणाला. "कोकरं नेणारी एकच आहे. शुक्रवारपर्यंत मला दे."

"आणि ओरडणार कोण, ओरिन? तुम्हाला जिना चढवत नाही."

"पंचवीस वर्षांपूर्वीचा मी ओरडेन."

त्याच्याकडे एक कॅसेट होती. आपलं काय चुकतं ते कळावं म्हणून त्याने ऐन उमेदीत स्वतःचंच ओरडणं तिच्यावर भरलं होतं. अकरा मिनिटांचं. बाकी सगळं त्याने जमवलं होतं. काडतुसांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात मोटरसायकलची बॅटरी, आवाज मोठा करणारी एक छोटी पट्टी आणि शाळेच्या मैदानावरून काढून टाकलेला कर्णा. फक्त तो आवाज पोटात धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. ते आता आणलं होतं.

दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही टेप आणि प्लेअर वायरीने जोडले. मी पुस्तिका वाचत होतो, तो बटणं दाबत होता.

"'आवाज नसलेली जागा वगळा,'" मी वाचलं. "'जागेची बचत होते.' करू का चालू?"

"तुला काय वाटतं?"

मला असं कुणी विचारत नाही. मी म्हणालो, "बचत होत असेल तर बरंच."

वायर भोकात होती, त्यामुळे खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. नुसती टेपची चाकं फिरत होती. मग आम्ही त्यातला थोडा तुकडा डब्याला जोडून वाजवला. ससा जिवाच्या आकांताने किंचाळला. शेजारचा कुत्रा भुंकला, तशी ओरिनने घाईघाईने बटण दाबलं. आम्ही खूश होतो.

गुरुवारी पहाटे मायतेच्या कुरणात मी डबा वाहून नेला. कुंपणाच्या खांबाखांबाशी ओरिन थांबत होता. खांबावर हात ठेवायचा, खाली बघायचा, मग पुढे. चौदा खांब झाले. मायते बंदूक घेऊन आधीच सेजच्या झुडपाआड बसली होती.

"आणलात का तुमचा रेडिओ?" ती कुजबुजली. "बातम्या पण लागतात का?"

"हवामान तेवढं लागतं," ओरिन म्हणाला. एवढं बोलायला त्याला तीन श्वास लागले.

त्याने बटण दाबलं. उजाडताना समोरच्या टेकडीच्या धारेवर ती आली. अंगावरचे केस झडलेली, पोट ओढलेली. तीनशे पावलांवर थांबली. कान पुढे केले. मग कुत्र्यासारखी खाली बसली आणि आमच्या दिशेने बघत राहिली. कर्णा ओरडतच होता. काही वेळाने ती उठली, पाठ फिरवली आणि सावकाश चालत गेली. पळालीसुद्धा नाही.

मायतेने बंदुकीतलं काडतूस काढून खिशात टाकलं.

ओरिन उठला, डब्याजवळ जाऊन गुडघ्यावर बसला आणि त्याने कर्ण्याला कान लावला. बराच वेळ.

"हा श्वास घेत नाहीये," तो म्हणाला.

"कोण?"

"ससा. मी. किंचाळून झालं की मी थांबायचो, दम घ्यायचो. मरणारं जनावर पण दम घेतं, तेवढ्यात तर ती जवळ येते. मधला श्वास कुठं गेला, आल्डन?"

त्याने मला नावाने हाक मारली तेव्हाच मला पुस्तिका आठवली. जागेची बचत. मी पुस्तिकेतलं ते वाक्य त्याला पुन्हा म्हणून दाखवलं, जसंच्या तसं. आवाज नसलेली जागा वगळा.

"मी वगळला," मी म्हणालो. "तुझा श्वास मी वगळला."

मायतेने मान वळवली. हसू दाबत होती की चिडली होती, कळलं नाही. ओरिनने कर्ण्यावरचा कान काढला. मग म्हणाला, "डॉक्टरला सांगू नको. तो म्हणेल, बरं झालं, तेवढीच बचत."

"उद्याचा एकच दिवस आहे," मायते म्हणाली. "रात्री आणखी एक गेलं, ओरिन. परवा विमान येणार म्हणजे येणार."

"माहीत आहे."

त्या दुपारी आम्ही ते 'वगळा' बंद केलं आणि पुन्हा वायरी जोडल्या. या वेळी टेपचा आवाज खोलीतही ऐकू येईल अशी तजवीज मी केली. माझा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. ओरिन खुर्चीत डोळे मिटून बसला.

किंकाळी. मग थांबणं. त्या थांबण्यात आत ओढलेला एक लांब, भरलेला, निवांत श्वास. मग पुन्हा किंकाळी.

मी टेपकडे बघत होतो, पण थोड्या वेळाने माझं लक्ष ओरिनकडे गेलं. तो टेपबरोबर श्वास घ्यायला बघत होता. आपल्याला कुणी पाहत नाही असं त्याला वाटत असावं. टेपमधला माणूस एकदा श्वास ओढायचा, तेवढ्यात याचे तीन व्हायचे, आणि तरीही हा मागे पडायचा. चौथ्या-पाचव्या खेपेला त्याने नाद सोडला आणि हात मांडीवर ठेवून नुसता ऐकत बसला.

अकरा मिनिटं झाली. शेवटी टेपमधल्या माणसाने एक मोठा श्वास आत घेतला आणि पुढची किंकाळी यायच्या आत टेप संपली. खट् झालं.

"टेप पुरली नाही," ओरिन म्हणाला. "मी तसाच ओरडत राहिलो होतो पुढं. किती वेळ ते आता आठवत नाही."

"शेवटचा श्वास काढून टाकू का? उगाच अर्धवट वाटतो," मी विचारलं आणि विचारताक्षणी जीभ चावली.

"तू आता काही काढू नको, बाबा."

शुक्रवारी वारा पडला होता. चौदा खांबांना आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटच्या खांबाशी मी दुसरीकडे बघण्याचं सोडून दिलं आणि त्याचं कोपर धरलं. त्याने धरू दिलं. डबा चाळीस पावलांवर ठेवून मी वायर मागे आणली. प्लेअर ओरिनच्या मोज्यात होता. त्याने न बघता बटण शोधलं.

किंकाळी. थांबणं. श्वास.

ती धारेवर आली, कालच्याच जागी. बसली नाही. पुन्हा किंकाळी झाली आणि पुन्हा ते थांबणं आलं, तशी ती उतारावरून खाली सुटली. ओरडणं चालू असताना जागीच थबकायची, श्वासाच्या वेळी धावायची. एवढ्या पल्ल्यावर तिला श्वास ऐकू येणं शक्य नव्हतं. तिला शांतता ऐकू येत होती. ती साठ पावलांवर आल्यावर मायतेने एक बार काढला.

आम्ही जवळ गेलो, ओरिन प्लेअरची वायर ओढत. तिच्या सडांत दूध होतं.

"पिल्लं आहेत," मायते म्हणाली.

"असणारच. त्यांच्यासाठीच नेत होती."

"म्हणजे आता बीळ शोधायचं."

"हो," ओरिन म्हणाला. "पण घटकाभरानं."

मायतेने तिथेच विमानवाल्यांना फोन लावून उद्याचं रद्द केलं. मग टोपी मागे सारून ती ओरिनकडे आली. मला वाटलं, काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "शरदात कोकरू कुठलं हवं ते येऊन सांगा. चांगलं जाडजूड घ्या."

"येतो."

मागे झुडपांत कर्णा अजून ओरडत होता. मायतेने तिकडे बघून हात हलवला. "आता बंद करा की ते. झालं ना काम."

ओरिनचा अंगठा बटणावर होता. त्याने ते दाबलं नाही.

"थोडंच राहिलंय," तो म्हणाला.

आम्ही तिघं उभे राहिलो. तीन-चार किंकाळ्या झाल्या, त्यांच्या मधले श्वास झाले. मग तो शेवटचा श्वास आला. मोकळा, छाती भरून आत ओढलेला. पुढे काही नाही. माळावर नुसतं ऊन आलं होतं.

ओरिनने दातांत मोजा धरून बोटं मोकळी केली, प्लेअर उघडला आणि उतरू नये म्हणून आतला सेल काढून वेगळ्या खिशात टाकला. साबणाच्या वडीसारखा तो जाड प्लेअर त्याने शर्टाच्या छातीवरच्या खिशात ठेवला आणि गुंडी लावली. मग पहिल्या खांबाकडे चालायला लागला.