जेवणाआधीचा रुमाल

भर दुपारी नव्या उपाहारगृहाची रांग पार कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली होती आणि औषधवाला दारात माश्या मारत उभा होता. आत शिरताना ज्याची रक्तातली साखर आभाळाला भिडलेली, तो जेवून उठला की ती धाडकन उतरते, अशी त्या जागेची ख्याती झाली होती. जेवणाआधीचा आणि नंतरचा आकडा फळ्यावर लिहीत, आणि लोक टाळ्या वाजवत.

डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवायला आल्या नव्हत्या. वहिनीने फोनवर दबक्या आवाजात सांगितलं होतं, "तुमच्या दादांनी आठवडाभर इन्सुलिन घेतलेलं नाही. माझं काही ऐकत नाहीत. जेवायच्या निमित्ताने या."

दादा पेल्यामागून पेला पाणी पीत होता. गाल बसलेले, श्वास जोरात चाललेला. तो बोलायला वाकला तेव्हा त्याच्या तोंडाला अति पिकलेल्या फळासारखा वास आला. त्या वासाचा अर्थ डॉक्टर बहिणीला ठाऊक होता: इन्सुलिनविना रक्तात विष साठू लागलं होतं.

"दादा, ऊठ. दवाखान्यात जाऊ."

"जेवून. आधी आकडा बघ, मग बोल. तुम्हा लोकांचं दुकान बसेल ना, म्हणून ही घाई."

वाढप्याने ऊन-ऊन, सुगंधी रुमाल दिले. सगळ्यांनी हात पुसले, तिनेही पुसले. मग मालक आला. लोक त्याला अन्नगुरू म्हणत. अंगात पांढरा झगा, हातात साखर मोजायचं यंत्र.

"औषध शरीराला गुलाम करतं," तो डोळे मिटून म्हणाला. "अन्न शरीराला जागं करतं. पेशीला पेशीची ओळख पटली, की साखर लाजून निघून जाते."

साखर लाजते कशी, हे कोणी विचारलं नाही.

दादाच्या बोटाला सुई टोचली. पाचशे चाळीस. दादा घाबरला नाही, उलट खुलला. आकडा जितका मोठा, तितका चमत्कार मोठा.

"माझीही बघा," ती म्हणाली. "ही माझी डॉक्टर बहीण," दादाने मालकाला सांगितलं.

तीनशे सत्तर.

"जगाला गोळ्या लिहून देता, आणि घरच्या दिव्याखाली अंधार?" मालक म्हणाला. लोक हसले. क्षणभर ती चरकली. मागच्याच महिन्यात तपासणी केली होती, सगळं ठीक होतं. नकळत तिने अंगठा बोटावर घासला. बोट चिकटलं.

"जेवल्यावर पुन्हा बघू," म्हणत मालक वळला.

"थांबा. आत्ताच बघू."

ती बेसिनकडे गेली, साबणाने हात धुऊन कोरडे करून आली. मालकाने यंत्र पाठीमागे धरलं. "उपाशीपोटी दुसऱ्यांदा मोजलं तर अन्नाची शक्ती भंगते."

"भंगू दे." दादासाठी आणलेलं यंत्र तिने पर्समधून काढलं आणि सगळ्यांसमोर स्वतःचं बोट टोचलं. पंच्याण्णव.

"मी अजून एक घासही खाल्लेला नाही," ती म्हणाली. "फक्त हात धुतले."

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांनी रुमालाचं टोक जिभेला लावलं. "गोड आहे," त्या शांतपणे म्हणाल्या.

"ग्लुकोजच्या पाण्यात भिजवलाय," ती म्हणाली. " ती साखर बोटाला राहते, रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा फुगतो. जेवल्यावर आपण हात धुतो, तेव्हा खरा आकडा दिसतो. उतरते ती बोटावरची साखर. रक्तातली आहे तिथेच आहे."

"ज्यांची श्रद्धा कच्ची, त्यांना..." मालकाने सुरू केलं.

"श्रद्धा राहू द्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "रुमाल कशात भिजवता, ते भांडं दाखवा."

भांडं आणतो म्हणून मालक स्वयंपाकघरात गेला, तो मागच्या दाराने गेलाच.

दादाने हात धुतले आणि बहिणीपुढे बोट धरलं. तीनशे नव्वद. "रोज जेवल्यावर एवढीच यायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, उतरली." उठताना त्याचा तोल गेला. वहिनीने एका बाजूने धरलं, बहिणीने दुसऱ्या.

काही दिवसांनी दादा दवाखान्याच्या अतिदक्षता विभागातून सुखरूप बाहेर आला. त्याच्या शेजारच्या खाटेवर असलेला माणूस आला नाही. त्यानेही तिथे जेवून औषध सोडलं होतं.

नवं उपाहारगृह उघडलं तर जरूर जा, आवडलं तर पोटभर जेवा. पण ताट वाढणारा औषध सोडायला सांगू लागला, तर त्याला आधी विचारा, हे घडतं कसं? विचारल्याने खरं असेल ते मोडत नाही. आणि पटेल असं उत्तर मिळेपर्यंत औषध चालू ठेवा.