तिसरा आवाज

"संपलं पण?" कंप्युटरवाल्यानं दारातूनच विचारलं. "आत्ता तर सुरू केलं होतंत, ताई."

दप्तरखान्यातल्या फिल्मताईंनी घड्याळाकडे बघितलं. एक रंगीत नकाशा फिल्मवर उतरायला सहा मिनिटं लागत. दोन नकाशांना बारा. इथं चार-पाच मिनिटांतच दोन्ही झाले होते. त्यांनी नाक जवळजवळ पडद्याला टेकवलं आणि आपणच टाइप केलेली ओळ पुन्हा वाचायला घेतली. नकाशाचं नाव बरोबर. फ्रेमचा नंबर बरोबर. पुढे फिल्मचा प्रकार. तीन म्हणजे रंगीत, आठ म्हणजे काळी-पांढरी. आकड्यावर नजर नेली की तिथंच राखी डाग पसरे.

"जरा वाचता का हो, हा आकडा काय आहे?"

"आठ."

ताई खुर्चीत मागे टेकल्या. रोलमध्ये छत्तीस फ्रेम होत्या, नकाशे चौतीस. दोन्ही नकाशे बिनरंगाचे उतरून हाताशी असलेल्या दोन्ही जादा फ्रेम वाया गेल्या होत्या. आणि हा रोल शेवटचा. ही फिल्म आता कुठं बनतच नव्हती. हा एक डबा दप्तरखान्याच्या फ्रीजमध्ये तीन वर्षं जिवापाड जपून ठेवलेला.

नकाशे होते मोडून टाकलेल्या एका वस्तीचे. घरं लाल रेघेनं, विहिरी निळ्या, वाटा काळ्या. मूळ कागद ओल लागून कुजले होते. त्यांच्या प्रती ज्या डिस्कवर होत्या, ती एकदा दगा देऊन चुकली होती. तिथून उठवलेली माणसं अजूनही यायची, काउंटरवर बोट ठेवून म्हणायची, "आमचं घर दाखवा." म्हणून वरून हुकूम आला होता, की नकाशे फिल्मवर घ्या, फिल्म माणसापेक्षा जास्त टिकते.

हे यंत्र ताईंशिवाय कुणाला वश नव्हतं. त्याला ना बटणं, ना चित्रं. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, मग आतल्या अंधारात ते निळा, हिरवा, लाल असा एकेका रंगाचा प्रकाश फिल्मवर टाकत जाई, आणि त्यातूनच नकाशाचे सगळे रंग उमटत. "घरात माझं कुणी ऐकत नाही, इथं निदान हा तरी ऐकतो," असं त्या गमतीनं म्हणत. आज त्यानं तंतोतंत ऐकलं होतं, हीच तर पंचाईत.

त्या उठल्या आणि दप्तरखान्याच्या प्रमुख मॅडमच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, दोन फ्रेम माझ्या हातून गेल्या. आणि दुसरं..." त्यांनी दार लोटून घेतलं. "मला नजरेच्या मधलं दिसत नाही. आठ महिने झाले. डॉक्टर म्हणतात, चष्म्यानं भागणार नाही."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आठ महिने, ताई? आधी सांगायचं ना."

"भीती वाटली. काम काढून घ्याल म्हणून."

"काढून घेणारच," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण आज तुम्ही शेजारी बसा. टाइप कंप्युटरवाले करतील."

कंप्युटरवाला चाळिशी ओलांडलेला, डोळस आणि घाईचा माणूस. ताई स्टुलावर बसून सांगत गेल्या, तो लिहीत गेला. फिल्म पुढे सरकवायचा हुकूम मात्र ताईंनी वेगळाच ठेवायला लावला. "एक नकाशा झाला की थांबायचं. मी म्हणेन तेव्हाच सरकवायची."

"त्यात वेळ जातो, ताई."

"जाऊ दे."

अठरा नकाशे सुरळीत गेले. प्रत्येक रंगाला आतली झडप उघडताना टक असा आवाज होई. निळ्याला एक, हिरव्याला दुसरा, लालला तिसरा. एकोणिसाव्या नकाशाला ताईंनी दोनच ऐकले. तिसऱ्याची वाट बघता बघता पडद्यावर अक्षरं उमटली.

"झालं," कंप्युटरवाला म्हणाला. "सरकवू?"

"हात लावू नका!"

तो दचकला. "काय झालं?"

"लालची झडप उघडली नाही."

"अहो, काम पूर्ण म्हणून लिहून आलंय."

"त्याला हुकूम दिला एवढंच कळतं. झडप उघडली का, हे त्याला कुठून कळणार?"

मॅडमना बोलावणं गेलं. आता पेच असा होता, की फिल्म सरकली नव्हती, म्हणजे त्याच फ्रेमवर एकटा लाल रंग पुन्हा टाकता येणार होता. पण झडप आधीच उघडली असली, तर लालवर लाल चढून नकाशा फुकट जाणार. नसली उघडली आणि तसंच सोडलं, तर लाल रेघा काळ्या पडून घर कुठलं आणि वाट कुठली, कळणार नाही. आणि फिल्म धुऊन येईपर्यंत खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता.

"खात्री आहे, ताई?" मॅडमनी विचारलं.

सकाळी तिनाचा आठ केलेली बाई आता दोनाचे तीन करत असेल, असं मॅडमच्या मनात येत असेल तर त्यांचं काय चुकलं? ताई यंत्राकडे वळल्या.

"खात्री नाही," त्या म्हणाल्या. "पण मी तिसरा आवाज ऐकला नाही. पुन्हा टाका. वहीत माझ्या नावावर लिहा."

एकटा लाल रंग पुन्हा टाकला. टक. उरलेल्या पंधरा नकाशांना ताई बोटं मोजत बसल्या. तिन्ही आवाज दर वेळी आले, आणि दर वेळी त्यांना वाटलं, मघाशीही आला असेल, मलाच ऐकू आला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी नवऱ्याला डोळ्यांचं सांगून टाकलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"कसं?"

"गेले सहा महिने रोज पेपर मोठ्यानं वाचतोय. मला काय वाचनाची हौस आली होती?"

ताईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी कप बशीवर ठेवला. "आज फिल्म येणार आहे, हो. तो नकाशा गेला असला तर?"

"गेला तर गेला असं मी म्हणणार नाही. तुला पटायचं नाही. येऊ का सोबत?"

"नको. तुम्ही आलात तर रडेन मी."

साडेअकराला फिल्म धुऊन आली. कंप्युटरवाल्यानं ती उजेडाच्या काचेवर पसरली आणि भिंग डोळ्याला लावून, वाया गेलेल्या पहिल्या दोन सोडून, एकेक फ्रेम मोजत निघाला. मॅडम मागे उभ्या होत्या. सतरा. अठरा. मग तो थांबला. भिंग पुसलं, पुन्हा लावलं.

"बोला ना हो," ताई म्हणाल्या.

"लाल आहे. सगळी घरं लाल आहेत. शेजारच्या फ्रेमसारखीच." त्यानं भिंग खाली ठेवलं. "ताई, मी तर सरकवून मोकळा झालो असतो."

मॅडमनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. सोमवारपासून ताईंना चौकशीच्या खिडकीवर बसायचं होतं. बदलीचा कागद टेबलावर तयार होता.

"मी बघू?" ताईंनी विचारलं.

कंप्युटरवाल्यानं जागा करून दिली. त्या भिंगावर वाकल्या. सरळ बघितलं तर नुसता राखी डाग. त्यांनी डोळा हळूहळू बाजूला वळवला, आणि कडेला कुठंतरी एक बारीक लाल रेघ उभी राहिली, मग दुसरी. तिच्याकडे बघायला गेलं की ती नाहीशी होई. म्हणून ताई काचेबाहेरच्या कोऱ्या लाकडाकडे बघत राहिल्या, आणि एकेक करून गल्लीतली सगळी घरं त्यांनी मोजली. कुणीही त्यांना घाई केली नाही.